चहाचे वजन

गेल्या काही वर्षांत आमच्या स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर रवा-साखरेपेक्षा शेगड्याच अधिक वेळा चढल्या आहेत. शेजाऱ्यांना याचे मोठे नवल वाटते. ज्या वयात माणसाने औषधाच्या गोळ्या मोजाव्या, त्या वयात हे दोघे ग्रॅम मोजीत बसतात, असे आमच्या गल्लीत सौम्य शब्दांत बोलले जाते, आणि ते खोटे नाही.

आरंभीच एक खुलासा केलेला बरा. या लेखात ‘आम्ही’ म्हणजे आम्ही उभयता. आमच्यापैकी एकाची उभी हयात राज्य शासनाच्या लेखा शाखेत बिले तपासण्यात गेली. दुसरीची प्राथमिक शाळेत मुलांकडून पाढे घोकून घेण्यात. एकाचे घराणे होळकरशाहीच्या काळात दफ्तरी चाकरीसाठी इंदुरास आले आणि इथलेच झाले. दुसरीचे माहेर ग्वाल्हेरचे. निवृत्तीनंतर काय करायचे, या प्रश्नावर आमचे जे थोडे एकमत झाले, ते चालण्यावर. प्रथम कालाकुंडच्या परिसरात चोरल नदीच्या काठाने हिंडलो, मग जानापावची टेकडी चढलो, पुढे पचमढीस जाऊन धूपगड आणि चौरागड पाहिले. त्यानंतर हिमालयाची हाव सुटली. वर्षातून एकदा, प्रकृतीने रजा मंजूर केली तर, आम्ही तिकडे जाऊ लागलो.

मोठ्या तुकडीबरोबर गेले म्हणजे आचारी असतो, तंबू आयते उभे असतात, चहा हातात येतो. परंतु तुकडीच्या पावलाशी आमचे पाऊल जुळत नाही. पाच तासांच्या वाटेला आम्हांला आठ तास लागतात आणि मध्ये दोनदा चहा लागतो. म्हणून एखादा स्थानिक वाटाड्या सोबत घेऊन आपल्या चालीने जावे, हेच आम्हांस मानवले. मात्र आपल्या चालीने जायचे, तर आपला चहाही आपणच पाठीवर न्यावा लागतो. हा सारा प्रपंच त्या चहापायी.

पहिली दोन वर्षे थर्मासवर निभावली. पण थर्मासमधल्या चहाचा चार तासांनी काढा होतो, आणि दुसऱ्या दिवशी तर तोही नसतो. काटक्या गोळा करून तीन दगडांची चूल मांडावी, असे सुचवणारे पुष्कळ भेटले. आमच्यातील लेखाधिकाऱ्याला ते पटले नाही. १९२७च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम २६ प्रमाणे राखीव जंगलात विस्तव पेटवणे हा गुन्हा आहे, आणि कलम बाजूला ठेवले, तरी फाल्गुन-चैत्रात सातपुड्यातील वाळलेला पाचोळा ज्याने पाहिला आहे, त्याला तिथे चूल मांडण्याचे धाडस होणार नाही. तेव्हा लहानशी शेगडी घ्यायची, रखवालदाराला विचारूनच ती पेटवायची, तीही उघड्या खडकावर, असे ठरले.

शेगडी म्हटल्याबरोबर आमच्या डोळ्यांपुढे पितळी स्टोव्ह उभा राहिला. इंदूरच्या वाड्यात तीन बिऱ्हाडांत मिळून चार स्टोव्ह होते. पहाटे एकामागून एक त्यांचा फर्र आवाज सुरू झाला, की उजाडले असे समजायचे. बर्नरभोवतीच्या वाटीत स्पिरिट किंवा रॉकेलात भिजवलेला काकडा पेटवायचा, बर्नर तापला की पंप मारायचा, आणि ज्योत पिवळी येऊ लागली, तर खिळ्याला टांगलेली पिन काढून छिद्र साफ करायचे. बिनवातीचा, दाबावर चालणारा हा स्टोव्ह स्वीडनमध्ये फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट याने १८९२च्या सुमारास बनवला आणि ‘प्रायमस’ या नावाने विकला. आपल्याकडे तो इतका रुळला, की कित्येक घरांत स्टोव्हला प्रायमसच म्हणत. अमुंडसेन १९११ साली दक्षिण ध्रुवावर पोचला, तेव्हा त्याच्या सामानात प्रायमस होता. १९५३ साली हिलरी आणि तेनझिंग यांच्या मोहिमेतही होता. ज्यावर आमच्या आजीचे आंघोळीचे पाणी तापत असे, त्यावरच ध्रुवप्रदेशातील बर्फ वितळत होता, हे कळल्यावर वाड्यातल्या त्या पितळी वस्तूविषयी आमचा आदर वाढला.

परंतु आदर वेगळा आणि खरेदी वेगळी. पंपाचा रॉकेलवर चालणारा स्टोव्ह थंडीत हमखास पेटतो, हे खरे. पण बाटली-पंपासह त्याचे वजन पाऊण किलोच्या घरात जाते, आधी तो तापवावा लागतो, आणि पिशवीतील पोह्यांना रॉकेलचा वास लागतो. त्यातून आता रॉकेल आणायचे कोठून? रेशनच्या दुकानासमोर डबे घेऊन उभे राहण्याचे दिवस सरले. स्पिरिटची शेगडी म्हणजे पत्र्याची एक वाटी, तिला मोडण्यासारखे काही नाही. पण स्पिरिटात उष्णता कमी. तितकेच पाणी उकळायला ते वजनाने गॅसच्या जवळजवळ दुप्पट लागते, आणि दिवसाउजेडी त्याची ज्योत दिसत नाही, ही मोठी भीती. लष्करी वापरातल्या हेक्झामीनच्या वड्या हलक्या असतात खऱ्या, पण भांड्याचे बूड काळे करतात आणि नाकाला झोंबतात. उरली ती गॅसची शेगडी. लहान डब्यात दाबाने भरलेला द्रवरूप गॅस, आणि त्यावर आट्याने बसणारा बर्नर.

आमच्यातील लेखाधिकाऱ्याने रीतसर तुलनात्मक तक्ता आखला. आयुष्यभर शासनाच्या निविदा उघडण्याचे काम केलेल्या माणसाला दुसरी रीत ठाऊक नसते. न्यूनतम दर ज्याचा, त्याला आदेश. इथे दराच्या जागी वजन आले, इतकाच फरक. बाजारात दोनशे ग्रॅमची शेगडी होती, शंभराची होती, आणि एक चिमुकली केवळ २५ ग्रॅमची. मुठीत धरली तर दिसू नये, अशी. तिला आदेश मिळाला. आमच्यातील शिक्षिकेने ती तळहातावर घेऊन एवढेच विचारले, “अहो, यावर पातेले राहील का?” प्रश्न तक्त्याच्या कोणत्याच रकान्यात बसत नसल्यामुळे त्याची नोंद झाली नाही.

जानापावच्या माथ्यावर पहिली चाचणी झाली. चंबळ जिथे उगम पावते ती ही टेकडी, उंची साडेआठशे मीटरांच्या वर, आणि वारा भरपूर. त्या शेगडीचे तीन पाय बोटाच्या पेराएवढे. ज्योत वाऱ्याने आडवी होई आणि पातेल्याच्या एका कडेला चाटून निघून जाई. वीस मिनिटांत पाण्याला बुडबुडे आले, पण ते उकळेना. दूध घालताना पातेले कलंडले आणि चहा महादेवाच्या डोंगराला अर्पण झाला. घरी येऊन डबा काट्यावर ठेवला, तर अर्धा गॅस गेलेला. त्या दिवशी तक्त्यात प्रथमच एक प्रश्न शिरला : शेगडीचे वजन किती, हे आपण पाहिले, पण तिच्यावर होणाऱ्या चहाचे वजन किती?

कार्यालयात हे आम्हांला पूर्वीच कळायला हवे होते. कमी दराचे यंत्र घ्यावे आणि पुढे पाच वर्षे त्याच्या दुरुस्तीची देयके मंजूर करावी, असे प्रसंग तेथे कमी नव्हते. कागदावरची किंमत एकदाच द्यावी लागते, वापरण्याची मात्र रोज. डोंगरात हा रोजचा खर्च खांदे भरतात.

तरीही ती शेगडी आम्ही लगेच बदलली नाही. आपल्या हाताने मंजूर केलेली वस्तू निकामी ठरवायला माणूस नाखूश असतो. २०२२च्या ऑक्टोबरात तीच पिशवीत घालून आम्ही कुमाऊँत पिंडारी हिमनदीच्या वाटेला निघालो. दिल्लीमार्गे काठगोदामपर्यंत रेल्वेने. आगगाडीत गॅसचे डबे नेता येत नाहीत. १९८९च्या रेल्वे अधिनियमाच्या कलम १६४ प्रमाणे असा ज्वलनशील माल बरोबर बाळगणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. विमानात तर ना हातातल्या पिशवीत, ना खालच्या सामानात. म्हणून इंधन नेहमी पायथ्याच्या गावीच घ्यावे लागते. आम्हीही तसेच घेतले. आट्याचे डबे मिळाले नाहीत. लांबट, स्वस्त डबे मिळाले, आणि ते जोडण्यासाठी एक पितळी तुकडा. डब्यावर काय लिहिले आहे, हे चष्मा काढून वाचण्याची तसदी आम्ही घेतली नाही. त्यावर स्पष्ट लिहिले होते : ब्यूटेन.

वाचकहो, या एका शब्दात पुढची सारी कथा होती. ब्यूटेन सुमारे उणे अर्ध्या अंशाला उकळतो. म्हणजे हवा शून्याजवळ आली, की डब्यातला द्रव वायू होण्याचे नाकारतो. डबा भरलेला असतो, हलवला तर आत खळखळतो, पण बाहेर काही येत नाही. त्यातून, जो थोडा वायू होतो तोही जाताना डब्यातलीच उष्णता घेऊन जातो, त्यामुळे डबा हवेपेक्षाही गार पडतो. आयसोब्यूटेन उणे बारा अंशांच्या आसपास उकळतो आणि प्रोपेन उणे ४२ अंशांना. म्हणून थंडीसाठी या दोहोंचे मिश्रण भरलेले डबे घ्यावेत. हे आम्ही परतल्यावर शिकलो.

खातीहून द्वाली आणि द्वालीहून फुरकिया अशी वाट. फुरकिया सव्वातीन हजार मीटरांवर आहे. द्वाली सोडल्यावर दुपारी गारांनी गाठले. दोघांतही आमच्यातील शिक्षिका अधिक भिजली, कारण तिने आपले आवरण पिशवीवर घातले होते. पिशवीत कोरडे कपडे होते. पोचलो तेव्हा तिचे दात वाजत होते. विश्रामगृह भरलेले होते, म्हणून अंगणातच आमचा तंबू उभारला. स्वयंपाकघरात एक मोठी तुकडी चुलीभोवती बसली होती. तेथे जाऊन बसावे, असे वाटाड्या म्हणाला. खातीचाच तरुण मुलगा तो. पण आम्हांला वाटले, आपली शेगडी आहे, आपला चहा आपण करू. त्या ‘आपण’मध्ये थोडा अभिमान होता, हे आज कबूल करतो.

बाहेर काडी लावली. ज्योत निळी येण्याऐवजी बोटभर उठून विझे. डबा काखेत धरून ऊब दिली, पुन्हा लावली, पुन्हा विझली. वारा वाढला. शेवटी शेगडी तंबूत घेतली आणि, हे लिहिताना आजही हात थांबतो, वारा येऊ नये म्हणून तंबूची साखळी वरपासून खालपर्यंत ओढून घेतली. आत ज्योत तगली. पातेल्यातील पाणी गार, पातेले ज्योतीच्या अगदी टोकाशी. ज्योत पिवळसर होती, पण ती दिसत होती, आणि उबेपुढे रंगाचा विचार कोण करतो? आम्ही दोघे तिच्या दोन बाजूंना हात पसरून बसलो.

थोड्या वेळाने डोके ठणकू लागले. मळमळ सुरू झाली. उंचीचा त्रास असाच सुरू होतो हे वाचलेले होते, तेव्हा उंचीच लागली असे आम्ही ठरवले. आमच्यातील शिक्षिकेची थरथर थांबली होती, ते आम्ही सुलक्षण मानले. ती गुंगीत होती. शेगडी जोडण्याची, तो पितळी तुकडा बसवण्याची विद्या आमच्यापैकी एकालाच अवगत होती. आणि तो एकटाच थोडा शुद्धीवर असला, तरी बसल्या जागेवरून हात पुढे करून किल्ली बंद करावी, एवढेही त्याला सुचत नव्हते.

जेवण तयार आहे हे सांगायला तो मुलगा आला. दोन हाका मारल्या, उत्तर मिळाले नाही, तेव्हा त्याने बाहेरून साखळी उघडली. “माताजी, बाहर आइए, पहले बाहर आइए,” एवढे म्हणत त्याने प्रथम तिला आणि मग दुसऱ्याला ओढून उघड्या अंगणात आणले. शेगडी त्याने पायानेच बाहेर उडवली. गार हवेत पंधरा-वीस मिनिटांनी आम्हांला शब्द फुटला. मग चुलीपाशी नेऊन त्याने आम्हांला काळा, गुळाचा चहा दिला. दुसरे कोणी रागावले असते. तो रागावला नाही. “इधर जाड़े में लोग ऐसे ही चले जाते हैं,” एवढेच बोलला.

सकाळी बादलीतल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा होता. हिमनदीचे दर्शन सात-आठ किलोमीटरांवर राहिले होते. आम्ही वर न जाता खाली द्वालीला उतरलो. उंचीचा त्रास असो वा विषारी वायूचा, उतरणे दोहोंवरही हिताचेच. त्या उतारावर आम्ही फारसे बोललो नाही. एका वळणावर थांबून आमच्यातील शिक्षिका म्हणाली, “माझी आई काय म्हणायची, आठवतंय?”

ग्वाल्हेरची थंडी ज्यांनी सोसली आहे, त्यांना कोळशाची शेगडी ठाऊक असेल. पौष-माघात ती संध्याकाळी माजघरात येई आणि घरातील माणसे तिच्याभोवती बसत. पण सासूबाईंचा एक दंडक होता. शेगडी आत आली, की अंगणाचे दार वीतभर उघडे राहिले पाहिजे, आणि झोपण्यापूर्वी शेगडी बाहेर गेलीच पाहिजे. मुले कुरकुरत, पाहुणे हसत. दार उघडेच राही. कार्बन मोनॉक्साइड हा शब्द त्यांनी कधी ऐकला नव्हता. त्याला रंग नसतो, वास नसतो, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक जोराने चिकटतो. ज्योत पुरेशी हवा न मिळता जळाली, किंवा गार पातेल्याला टेकून विझू विझू झाली, की तो तयार होतो, हे सारे आम्ही पदवीधरांनी नंतर वाचले. त्या मात्र दार उघडे ठेवीत. तीन पिढ्यांचे ते शहाणपण आमच्या घरात आले होते, आणि तंबूला दार असते हेच आम्हांला सुचले नाही.

घरी परतल्यावर चिरंजिवांचा फोन आला. झालेले कळल्यावर तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “बाबा, आई, आता पुरे करा.” त्याचे चूक नव्हते. आमच्यातील लेखाधिकारी तर मनाने तयारच झाला होता. पिशव्या माळ्यावर टाकण्यापर्यंत मजल गेली होती. पण ज्या बाजूला अधिक सोसावे लागले होते, त्याच बाजूने निकाल दिला : “शेगडी बदलू. चालणं कशाला सोडायचं?”

मग खरा तक्ता सुरू झाला, आणि या वेळी तो दोघांनी मिळून भरला. एक लिटर पाणी घरच्या तापमानावरून उकळायला सुमारे ८५ किलोकॅलरी उष्णता लागते. एक ग्रॅम गॅस जळून सुमारे ११ किलोकॅलरी देतो. म्हणजे सारी उष्णता पाण्यात गेली, तर आठ ग्रॅम गॅस पुरावा. पण ती जात नाही. निम्मी हवेत जाते, आणि वारा असला तर निम्म्याहून खूप अधिक. गच्चीवर वाऱ्याच्या संध्याकाळी आम्ही मोजले. त्या २५ ग्रॅमच्या बर्नरने लिटरमागे २५ ग्रॅम गॅस खाल्ला. त्याच्याभोवती वाऱ्याचा आडोसा लावावा, तर तो डब्याच्याच डोक्यावर बसलेला. आडोशाने कोंडलेली आच डब्याला लागून तो फुटण्याचा धोका. मग एका ओळखीच्यांकडून दुसऱ्या जातीची शेगडी मागून आणली. हिचा बर्नर पसरट पायांवर जमिनीलगत उभा राहतो आणि गॅसचा डबा वीतभर नळीने दूर असतो. वजन १७५ ग्रॅम. बर्नरभोवती ४० ग्रॅमचा अॅल्युमिनियमचा आडोसा निर्धास्त लावता येतो. हिने लिटरमागे १३ ग्रॅम खाल्ला.

आता चार दिवसांच्या वाटेचा हिशेब. दोघांना रोज अडीच लिटर उकळते पाणी धरले, म्हणजे एकूण दहा लिटर. पहिल्या शेगडीला अडीचशे ग्रॅम गॅस लागणार. मोठ्या डब्यात २३० ग्रॅमच असतो. तेव्हा एक मोठा आणि एक लहान असे दोन डबे न्यावे लागतील. भरलेला मोठा डबा आमच्या काट्यावर ३८० ग्रॅम, लहान २१०. शेगडी धरून बेरीज ६१५. दुसऱ्या शेगडीला १३० ग्रॅम पुरे, म्हणजे एकच मोठा डबा. शेगडी, आडोसा आणि डबा मिळून ५९५. सातपट जड शेगडी पाठीवर वीस ग्रॅमनी हलकी ठरली! आमच्यातील शिक्षिकेने बेरीज पुन्हा करून घेतली, कारण तिचा लेखा शाखेवर पूर्वीपासूनच फार विश्वास नाही. बेरीज बरोबर होती.

चुलीचा खर्च चुलीवर काय चढते यावरही असतो, हेही ओघाने आले. तीन हजार मीटरांवर पाणी ९० अंशांच्या आसपासच उकळते. तेथे डाळ शिजवत बसणे म्हणजे गॅस हवेत सोडणे. म्हणून आम्ही घरूनच तुपावर रवा भाजून, फोडणी देऊन नेतो. उकळते पाणी ओतून झाकले, की सांजा तयार होतो. पोहे भिजवले की पुरे, वरून आमच्या इंदूरचे जिरावन. सातूचे पीठ गूळपाण्यात कालवले, तर विस्तवही नको. एवढ्याने दिवसाचा अर्धा लिटर वाचतो, आणि तो अर्धा लिटर अर्थातच चहाकडे वर्ग होतो.

तक्त्याला शेवटी एक नवा रकाना आमच्यातील शिक्षिकेने जोडला, आणि तोच निर्णायक ठरला. त्याचे शीर्षक तिने तिच्या वळणदार अक्षरात लिहिले : ‘दोघांपैकी कोणालाही, एकट्याला, अंधारात पेटवता आणि विझवता येते काय?’ या एका प्रश्नापुढे बऱ्याच शेगड्या बाद झाल्या. काहींची किल्ली इतकी बारीक, की संधिवाताच्या बोटांना ती थंडीत फिरेना. काहींना खटक्याने ठिणगी पाडण्याची सोय होती, पण उंचीवर ती सोय रुसते, काडेपेटी हवीच. जोडतुकड्यांची तर कायमची रजा झाली. निवडलेल्या शेगडीची किल्ली तारेची, लांब, हातमोज्यातूनही फिरणारी आहे. पाय उघडले की आपोआप अडकतात. तिचे ते १७५ ग्रॅम आम्ही आता जड मानत नाही. त्यांतले काही शेगडीचे आहेत आणि काही आमच्या निश्चिंतीचे.

त्यानंतर आम्ही दोनदा हिमालयात गेलो, बेताच्या उंचीवर. मिश्रणाचे डबे मिळतील याची चौकशी निघण्यापूर्वीच करून ठेवली, डब्यावरचा मजकूर चष्मा लावून वाचला, आणि रिकामे डबे पिशवीतून परत आणले. शेगडी तंबूत एकदाही शिरली नाही. पाऊस असला, तर चहाविना झोपलो. फुरकियाच्या पुढची वाट अजून राहिली आहे. आमच्यातील शिक्षिकेचा डावा गुडघा गेल्या वर्षापासून कुरकुरतो, तेव्हा ती आता राहीलच, असे दिसते. दोन पिशव्यांची जवळजवळ एक झाली आहे, आणि म्हणून ग्रॅमांचे महत्त्व उलट वाढले आहे.

अजूनही दर निघण्यापूर्वी मागच्या अंगणात दिवे मालवून परीक्षा होते. एकाने नुसते बसायचे, मदत करायची नाही, सूचनाही द्यायची नाही. दुसऱ्याने पिशवीतून शेगडी काढून, डबा जोडून, आडोसा लावून, पेटवून पाणी ठेवायचे, आणि मग विझवून दाखवायचे. गेल्या पौर्णिमेनंतरच्या आठवड्यात ती झाली. शिक्षिकेला तीन मिनिटे लागली. लेखाधिकाऱ्याला पाच, आणि एक काडी वाया. मग दोघांचा चहा घेऊन आम्ही पायरीवर बसलो. गार वारा सुटला होता. आत जाताना सवयीने दार ओढून घेतले, आणि मग दोघांपैकी कोणीतरी मागे वळून ते वीतभर उघडे केले.